मराठी पान आधी बसवा: चर्चच्या साप्ताहिक पत्रकाची जुळणी आणि छपाई

ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) पत्रक दोन-तीन भाषांत निघते. सवय अशी की इंग्रजी मजकूर आधी बसवायचा आणि उरलेल्या जागेत मराठी कोंबायचे. मग मराठीचा टाइप ९ पॉइंटवर येतो, ओळी एकमेकींना चिकटतात, आणि ज्या आजी-आजोबांना माइकवरची सूचना नीट ऐकू येत नाही त्यांनाच ते पान वाचता येत नाही. म्हणून क्रम उलटा करावा. आराखडा मराठी पानावर ठरवावा. तेवढ्याच मजकुराला मराठीत साधारण सव्वापट जागा धरून चालावे.

आकार साधा ठेवा: ए४ कागद मधोमध दुमडून ए५ची चार पाने. वार्तापत्र मोठे असेल तर आठ किंवा बारा. पाने चारच्या पटीतच वाढतात, त्यामुळे पाचव्या पानाचा मजकूर आला तर तो कापा किंवा पुढच्या रविवारी घ्या. आठ पानांची मांडणी अशी असते: पहिल्या कागदाच्या बाहेर ८ आणि १, आत २ आणि ७, दुसऱ्याच्या बाहेर ६ आणि ३, आत ४ आणि ५. लिब्रे ऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये छपाईच्या खिडकीत ‘ब्रोशर’ निवडले की हे आपोआप होते. दुहेरी छपाईत मात्र कागद आखूड कडेवर उलटायचा (शॉर्ट एज). लाँग एज राहिले तर आतली पाने उलटी येतात, आणि ते सहसा शंभर प्रती निघाल्यावरच लक्षात येते. आधी एकच प्रत काढून दुमडून पाहा.

समास बाहेरून १२ मिमी, घडीकडे १५ मिमी. बहुतेक लेझर प्रिंटर कागदाच्या कडेला ४-५ मिमी छापतच नाहीत, म्हणून कडेपर्यंत जाणारी रंगीत पट्टी ऑफिसच्या मशीनवर ठेवू नये. छापखान्यात देणार असाल तर ती पट्टी कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिमी वाढवून द्या.

आता टाइप, कारण निम्मे बिघाड इथेच होतात. मजकूर युनिकोडमध्येच घ्या; ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सेरिफ देवनागरी’ हा फाँट चालतो. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आला तर कन्व्हर्टरने बदलून प्रत्येक शब्द तपासा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथे हमखास जागा सोडतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन तुटतात. नवा फाँट घेताना एक चाचणी ओळ छापून पाहा: ‘ख्रिस्त, श्रद्धा, पुनरुत्थान, वाऱ्यावर, शांती’. भाषा म्हणून मराठी निवडा, म्हणजे ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत तिथे ते येतील.

मूळ मजकूर १२ पॉइंट, ओळींचे अंतर १७ ते १८. वाचने (बायबलमधले उतारे) आणि प्रार्थना १३ ठेवल्या तर उत्तम. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात. अंतर १५वर आणले की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपा टाइप टाळा, भर द्यायचा तर ठळक. ए५च्या अरुंद पानावर दोन्ही कडा सरळ केल्या तर लांब मराठी शब्दांमुळे मधे पांढऱ्या भेगा पडतात. डावी कड सरळ पुरेशी आहे. जांभळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे छापू नका. शाई पसरून अनुस्वार बुजतो आणि ‘शांती’ची ‘शाती’ होते, प्रार्थनेत असे होऊ देऊ नये.

मजकुराचा क्रम लोक पत्रक कसे वापरतात त्यावर ठरवा. पहिल्या पानावर रविवारचे नाव, तारीख, मिस्सांच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळा भाषेनुसार. आत वाचनांचे संदर्भ आणि गीतांचे क्रमांक, शेवटच्या पानावर सूचना. रविवारची वाचने ए, बी, सी अशा तीन वर्षांच्या चक्रात येतात, आणि वर्ष चुकले तर सगळे पान चुकते: इसवी सनाला ३ने भाग गेला तर ते वर्ष ‘सी’, बाकी १ उरली तर ‘ए’, २ उरली तर ‘बी’. पण चर्चचे नवे वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते, म्हणून त्या दिवसापासून पुढच्या सनाचा हिशेब धरायचा. गीताचे पूर्ण शब्द छापायचे तर हक्क पाहा. भारतात गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली गीते केव्हाच मुक्त झाली आहेत. नव्या गीतांना परवानगी लागते.

सूचनेत वार, तारीख, वेळ, जागा आणि कोणाला भेटायचे, एवढे पाच मुद्दे असले की दोन ओळी पुरतात. वार आणि तारीख कॅलेंडरवर ताडून पाहा. नावे कुटुंबाकडूनच देवनागरीत लिहून घ्या, कारण डिसोझा की डिसूझा, परेरा की पेरेरा हे आपण ठरवायचे नसते. मृताचे नाव चुकीचे छापले तर त्या घराला ते वर्षानुवर्षे लागते. आजारी माणसाचे नाव घरच्यांच्या संमतीनेच, आजाराचे नाव कधीच नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारून. पत्रकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर कुठवर जाते ते आपल्या हातात राहत नाही, हे लक्षात ठेवूनच फोन नंबर आणि पत्ते द्या.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले तर आकसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. छपाईला इंचाला ३०० ठिपके हवेत, म्हणजे १२०० पिक्सेल रुंद फोटो जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद छापावा. दानासाठी क्यूआर कोड असेल तर किमान २ सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा, घडीवर नको. छापलेल्या प्रतीवरून स्कॅन करून बघा, पडद्यावरून नव्हे.

आठवडा असा लावा. बुधवारी संध्याकाळी मजकूर बंद, गुरुवारी जुळणी, शुक्रवारी मुद्रिते (तपासणीच्या प्रती, प्रूफ). मुद्रिते तपासताना एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून पाहावे. एकट्याने वाचले की डोळा सवयीने चुका दुरुस्त करून पुढे जातो. शनिवारी दुपारपर्यंत गठ्ठे तयार हवेत, कारण शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच असते. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापेकडचा छापखाना असेल तर त्याची साप्ताहिक सुट्टी आधी विचारा. ती शुक्रवारी असेल तर सगळे एक दिवस अलीकडे ओढावे लागते.

दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल झेरॉक्स सोयीची, त्यापुढे रिसोचा (स्टेन्सिलवरून झटपट छापणाऱ्या यंत्राचा) दर विचारा. रिसोची शाई कागदात मुरते, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपरवर ती वाळत नाही आणि हाताला लागते. साधा ७० किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला छपाईचा कागद, घ्या. दोन्ही बाजू छापायच्या असतील तर ८०, कारण ७०मधून मागचा मजकूर दिसतो. सणाच्या अंकाला १३० जीएसएमच्या वरचा कागद वापरलात तर दुमडण्याआधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून खाच) करून घ्या, नाहीतर घडीवर रंग फुटतो. छापखान्याला द्यायच्या फाइलमध्ये काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाईंचा काळा असला की प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांना सावली येते.

कागदाचा हिशेब: ३०० प्रती, आठ पाने, म्हणजे ६०० कागद, ५ टक्के वाया धरून ६३०. ५०० कागदांची एक रीम पुरत नाही. प्रती माणसागणिक नाही, कुटुंबागणिक धरा, आणि चार रविवार बाकांवर उरलेल्या प्रती मोजून आकडा बदला. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेने उघडी रीम वाकते आणि मशीनमध्ये अडकते. वेष्टन लागेल तेव्हाच फोडा, उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरड्या कपाटात ठेवा, जमिनीवर नाही. प्रत्येक अंकाच्या दोन छापील प्रती कार्यालयात आणि पीडीएफ ‘वर्ष-महिना-दिवस’ अशा नावाने जपा. पुढे लग्नाच्या घोषणेची तारीख कोणी विचारली तर पाच मिनिटांत सापडते.