बोअरमधील पाईपचा आटेदार सांधा कसा जोडावा

मराठवाड्यात पाचशे-सहाशे फूट बोअर घेणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपवर सोडलेला पंप काळ्या खडकातील त्या अरुंद भोकात केवळ आट्यांच्या भरवशावर लटकत असतो. २ इंची, मध्यम जाडीचा पाईप मीटरला सुमारे ५ किलो भरतो. म्हणजे १०० मीटरला ५०० किलो, आतले पाणी २०० किलोंहून अधिक, आणि पंप-मोटर वेगळीच. हा सारा भार सर्वांत वरच्या सांध्यावर येतो. दाब मात्र खाली वाढत जातो आणि तळाशी चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोंवर पोहोचतो. बोअरमधील पाणी बाहेरून त्यातला काही दाब तोलून धरते. उन्हाळ्यात पातळी उतरली की तो आधार जातो, म्हणून पावसाळ्यात न गळलेला सांधा वैशाखात गळू शकतो.

भार पेलणे आणि पाणी अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तेल-वायूच्या विहिरींतील गोल आट्यांतही, जे बहुधा इंचाला ८ असतात, आट्याचे टोक आणि खाच यांच्यामध्ये मळसूत्रासारखी बारीक फट उरतेच व ती खास वंगणाने बुजवावी लागते. वायूचा दाब आणि उष्णता फार असेल, तेथे आट्यांवर न विसंबता धातूवर धातू दाबून बसेल अशी वेगळी कड ठेवतात. ते वंगण पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये वापरू नये, कारण त्याच्या जुन्या प्रचलित प्रकारात शिसे असते.

जोडण्यापूर्वी दोन्हीकडचे आटे तारेच्या ब्रशने घासून कोरडे करावेत आणि कपलिंग (दोन पाईप जोडणारा आतून आटे असलेला तुकडा) आधी नुसत्या हाताने फिरवून पाहावे. ते पहिल्याच फेऱ्यात अडले, तर पान्ह्याने रेटू नये, तिथे कचरा किंवा दबलेला आटा असतो. हातानेच शेवटपर्यंत गेले, तर आटे झिजलेले आहेत. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी व टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा. चेनपुलीला टांगलेला पाईप अगदी ओळंब्यात आल्याखेरीज फेरा देऊ नये, कारण तिरपा धरलेला आटा पुढे कितीही आवळला तरी सरळ होत नाही. एकदा घट्ट केलेला सांधा थोडासाही उलट फिरवू नये. फिरवलाच, तर पूर्ण सोडून नवी टेप लावावी.

मोटर सुरू होताना पाईपला पीळ बसतो, त्यामुळे सैल सांधा रोज थोडा थोडा उलगडू शकतो. पंपाला वेगळा सुरक्षा दोर बांधणे म्हणूनच आवश्यक आहे.

अंबाजोगाईजवळच्या एका शेतात वर काढलेल्या पाईपवर मी सुईएवढी चकचकीत रेघ पाहिली होती, ती चार-पाच आटे आडवे कापत गेली होती. पाण्याने खोदलेली ती वाट कोणत्याही टेपने बुजत नाही. असे टोक कापून नवे आटे पाडावेत आणि कपलिंगही बदलावे.