मॉडेलची काच चिकटवताना पांढरी पडू नये म्हणून

महिनाभर बसून प्लास्टिकच्या किटमधून मॉडेल विमान केलं, कॉकपिटमधले डायलसुद्धा बारीक ब्रशने रंगवले, शेवटी कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण (काच म्हणतोय ती हीच), सुपरग्लूने चिकटवून झोपलो आणि सकाळी बघतो तर काच आतून पांढरी, धुकं पडल्यासारखी. मला वाटलं ग्लू जास्त झाला असेल, म्हणून पुढच्या मॉडेलला टाचणीच्या टोकाएवढाच लावला, तरी थोडं का होईना तेच झालं. ग्लू काचेवर कुठेही सांडला नव्हता, मग हे आलं कुठून हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, तुमचा जाऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो वाळून घट्ट होत नाही, हवेतला आणि पार्टवरचा ओलावा मिळाला की घट्ट होतो. तो पूर्ण घट्ट होईपर्यंत त्याची थोडी वाफ उडत राहते आणि ती वाफ आजूबाजूला बसून तिथल्या ओलाव्याने तिथेच घट्ट होते, तोच तो पांढरा थर. बंद कॉकपिटमध्ये वाफेला बाहेर जायला वाट नसते म्हणून कॅनॉपीचा आतला भाग सगळ्यात आधी जातो. आणि बोटांचे ठसे असतील तर थर त्यांच्यावर जास्त धरतो, गुन्ह्याच्या तपासात वस्तूंवरचे ठसे उठवायला हीच वाफ मुद्दाम वापरतात. एक गोष्ट वाचून मला फार नवल वाटलं होतं, अमेरिकन केमिस्ट हॅरी कूव्हर यांच्या टीमला हे रसायन 1942 मध्ये बंदुकीच्या नेम धरायच्या पारदर्शक साइटसाठी प्लास्टिक शोधताना सापडलं, तेव्हा ते सगळ्यालाच चिकटतंय म्हणून बाजूला ठेवलं, आणि 1951 मध्ये जेट विमानाच्या कॅनॉपीसाठी काम चालू असताना ते परत हातात आलं.

मग साधा प्लास्टिक सिमेंट वापरू का, तर तोही काचेवर नको. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे पातळ सिमेंट फटीतून आपोआप पुढे सरकतो आणि बोट किंवा टेपची कड जिथे टेकलीय तिथपर्यंत जाऊन कायमचा डाग पाडतो. शिवाय किटमधलं पारदर्शक प्लास्टिक बाकीच्या पार्टपेक्षा ठिसूळ असतं, त्यात आधीच ताण असला तर सिमेंटने केसासारख्या बारीक चिरा उठतात, त्या घासून जात नाहीत.

मी आता जवळजवळ सगळ्या काचांना पांढरा गोंद वापरतो, लाकडाला लावतात तोच, पीव्हीए. किंवा क्लिअर पार्टसाठी म्हणून वेगळा मिळतो तो, मायक्रो क्रिस्टल क्लिअर वगैरे, तोही पाण्याचाच गोंद. ओला असताना दुधासारखा दिसतो म्हणून पहिल्यांदा भीती वाटते पण वाळला की पारदर्शक होतो, वाफेचा त्रास नाही, चुकलं तर ओल्या इअरबडने पुसून टाकायचं आणि परत लावायचं. ताकद कमी आहे हे खरं, पण खिडकीला कोण ओढणार आहे, तिला नुसतं जागेवर बसायचंय.

काम आधी सुरू होतं, ग्लूच्या बाटलीला हात लावायच्या आधी. किटमधले पार्ट प्लास्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या स्प्रूवरून पार्ट अगदी चिकटून कापू नका, कटरचा दाब पडला की काचेत पांढरी रेघ जाते, आधी लांबून कापा आणि उरलेला तुकडा बारीक करवतीने किंवा घासून काढा. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवा आणि इथून पुढे चिमटा नाहीतर कॉटनचे हातमोजे. कोरडीच बसवून बघा, फट दिसली तर आत्ताच घासून जुळवा, गोंद भरपूर लावून फट बुजवायला गेलात तर तो वाळताना आकसतो आणि तिथे खळगा दिसतो. काचेची कड आतून बाहेरून दिसणार असेल तर तीही आधी रंगवून घ्या.

मग टूथपिकने फ्रेमच्या कडेवर गोंदाची बारीक रेघ, काचेवर नाही, वरून काच अलगद ठेवायची, बाहेर आलेला गोंद ओल्या इअरबडने लगेच टिपायचा, मास्किंग टेपच्या दोन पट्ट्यांनी धरून ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. हा रात्रभरचा नियम मी मोडलाय आणि दर वेळी काच सरकली.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, कॅनॉपी पांढऱ्या गोंदाने लावली पण आत सीट किंवा पायलटची कंट्रोल स्टिक तासाभरापूर्वीच सुपरग्लूने बसवलेली असते, मग वाफ आतूनच येते आणि दोष बिचाऱ्या गोंदाला. आत सुपरग्लू वापरला असेल तर निदान एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच बंद करा.

उघडी ठेवलेली कॅनॉपी वगैरे जिथे खरंच पकड हवी तिथे दोन भागांचा इपॉक्सी घ्या, तो धुकं पाडत नाही, पण वर्षांनी पिवळट पडू शकतो म्हणून दिसणाऱ्या जागी कमी. यूव्ही टॉर्चने घट्ट होणारं रेझिनही चांगलं, काच पारदर्शक असल्यामुळे प्रकाश जोडापर्यंत पोचतो, फक्त फ्रेम रंगवायच्या आधी करा नाहीतर रंगाखाली ते ओलंच राहील. सुपरग्लूच वापरायची वेळ आली तर बिनवासाचा घ्या, त्याची वाफ कमी उडते, आणि हवा खेळती ठेवा.

आणखी एक उपाय म्हणजे काच आधी पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशमध्ये, फरशीला चमक आणायला वापरतात त्यात, बुडवून काढायची. खालची कड टिश्यूला टेकवून जास्तीचं टिपून घ्या, वर डबा उपडा ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही, आणि 24 ते 48 तास वाळू द्या. बारीक ओरखडे भरून निघतात, काच जास्त स्वच्छ दिसते आणि धुकं बसायलाही थोडा अडथळा होतो. बिघडलं तर अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड तो थर काढून टाकतं.

आधीच पांढरी पडली असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, ॲसिटोन सुपरग्लू काढतं पण त्याबरोबर प्लास्टिकही विरघळवतं. हलकं धुकं असेल तर वर सांगितलेल्या पॉलिशमध्ये बुडवून बऱ्यापैकी लपतं. जाड असेल तर पाण्याने ओल्या बारीक पॉलिशिंग कापडाने, 3200 ग्रिटपासून 12000 पर्यंत (आकडा मोठा तितकं कापड बारीक) एकेक पायरी वर जात घासायचं आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, नसेल तर टूथपेस्टसुद्धा चालते. आतल्या बाजूला असेल तर काच काढावीच लागते, सुपरग्लूने बसवलेली काच काढताना तडकू शकते, तेव्हा घाई नको.

आणि खिडकी अगदी छोटी असेल, 5-6 मिमीच्या आतली, तर किटमधला पार्ट सोडूनच द्या. टूथपिकवर पांढरा गोंद घेऊन भोकाच्या कडेने फिरवा आणि साबणाच्या फुग्यासारखा पडदा ओढून आणा, वाळला की तीच काच. पहिले दोन-तीन पडदे फुटतील, पुसून परत ओढा.