आजोबांचा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी

गोठ्यामागे वर्षानुवर्षे उभा असलेला आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर घरच्यांना पुन्हा सुरू करावासा वाटला, की पहिली धाव बॅटरीकडे जाते. कृपा करून थांबा. धक्का मारून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच सुरू करू नका. सिलिंडरमध्ये गंज धरून पिस्टन चिकटलेले असतील, तर त्या एका झटक्यात रिंगा तुटतात, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओरखडे पडतात.

आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मे-निम्मे मिसळून चार-पाच चमचे सोडा. दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. मग गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीला पाना लावा आणि हळूच मागे-पुढे करा. हलत नसेल तर पान्याला पाईप लावून जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. घाई नको, आठवडाही लागतो. दोन फेरे मोकळे फिरले की नोझलच्या भोकांवर फडके धरून उरलेले तेल बाहेर येऊ द्या. ते आत राहिले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नोझल बसवताना तांब्याचे वायसर नवेच घाला.

टाकीतले जुने डिझेल, फिल्टर, इंजिन ऑईल बदला, डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढा आणि मगच स्टार्टर मारा.

रंग सगळ्यात शेवटी. बॉनेटवर आजोबांनी स्वतः काढून घेतलेले नाव असेल, तर तेवढा पत्रा मी तरी घासणार नाही.

आजोबा हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर ती वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरा.