फळांत रंग भरण्याच्या काळात फ्लॅव्होनॉइड जपण्यासाठी सल्ला

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले किंवा सफरचंदावर लाली दिसू लागली की काढणीपर्यंतचे दिवस केवळ गोडीचे राहत नाहीत. लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन याच काळात सालीत साठतात, आणि ती फ्लॅव्होनॉइड या वनस्पतींत बनणाऱ्या घटकांच्या मोठ्या गटातली आहेत. याच गटातले क्वेर्सेटिन सफरचंदाच्या सालीत, तर हेस्पेरिडिन संत्र्याच्या सालीत आणि तिच्या आतल्या पांढऱ्या थरात भरपूर असते. प्रयोगशाळेतील पेशींवर हे घटक दाह भडकवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या संकेतमार्गाला आवर घालताना आणि पेशीची स्वतःची संरक्षक विकरे (एन्झाइम) वाढवताना दिसले आहेत. मात्र खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडपैकी थोडेच मूळ रूपात रक्तात पोहोचते. बाकीच्याचे रूप आतड्यातील जीवाणू आणि यकृत बदलतात. त्यामुळे आपले फळ रोग बरा करते, असा दावा विक्रीच्या वेळी कोणीही करू नये.

झाड हे घटक स्वतःच्या बचावासाठी, विशेषतः अतिनील किरणांपासून वाचण्यासाठी बनवते, म्हणून उजेडाची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची आहे. घडांवर दाटलेली पाने सकाळचे ऊन येणाऱ्या बाजूने विरळ करावीत. दुपारच्या उन्हाच्या बाजूची पाने मात्र राखावीत, कारण सफरचंदाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की साल भाजू लागते. द्राक्षात तर हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर टिकून राहिले तरी अँथोसायनिन कमी बनते आणि बनलेले नष्टही होते. या टप्प्यावर नत्र देण्याचे टाळावे, कारण नत्र वाढले की वेल पालवीकडे वळते, सावली दाटते आणि रंग फिका राहतो. काळ्या द्राक्षात पाण्याचा सौम्य ताण रंगाला पोषक ठरतो. पाने दुपारनंतरही मलूल राहू लागली तर मात्र ताण तोडावा.

स्ट्रॉबेरीसारखी फळे तोडल्यावर गोडीने वाढत नाहीत, म्हणून ती पूर्ण रंगावरच, सकाळच्या गारव्यात तोडून लगेच थंड करावीत. हाताळताना साल खरचटली की विकरांमुळे फिनॉलिक घटक (फ्लॅव्होनॉइड ज्यात मोडतात तो गट) तपकिरी पडतात.

ज्या सालीत हे घटक सर्वाधिक असतात तीच साल ग्राहक खातो आणि फवारणीचा अंशही तिच्यावरच राहतो, म्हणून प्रत्येक औषधाच्या लेबलवरील शेवटची फवारणी ते काढणी हे अंतर एका दिवसानेही कमी करू नये.