कोकणच्या समुद्रात पिंजरे कुठे लावायचे? जागा ठरवायची पद्धत

समुद्रातल्या पिंजरा शेतीबद्दल (तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात मासे वाढवणं) विचारणारे बहुतेक जण मासा कुठला आणि सबसिडी किती इथून सुरुवात करतात, जागेचं मागाहून बघू म्हणतात, आणि गाडं तिथेच अडतं. म्हणून हे फक्त जागेबद्दल. मच्छीमार सोसायटी असो की बाहेरचा गुंतवणूकदार, पद्धत एकच, जिथे जमणार नाही ते पाणी आधी नकाशावर खोडायचं आणि उरेल त्यात शोधायचं.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खोलीसाठी डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्ट घ्या, जगभरच्या समुद्राच्या खोलीचा फुकटचा जेब्को डेटा पण आहे पण त्याचा एक चौकोनच जवळपास अर्धा किलोमीटरचा, त्यामुळे तो नुसता अंदाजाला. चार्टवरची खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्याची असते हे लक्षात ठेवा, म्हणजे भरतीचं पाणी त्यात धरलेलंच नसतं आणि ते आपल्या फायद्याचंच आहे. सीएमएफआरआयचा (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) नेहमीचा पिंजरा ६ मीटर व्यासाचा आणि जाळं साधारण ४ मीटर खोल, त्याखाली विष्ठा आणि उरलेलं खाद्य वाहून जायला जागा हवी, म्हणून मी तरी १० मीटरपेक्षा उथळ पाणी सरळ खोडतो. आणि एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे नांगराचे दोर. २० मीटर पाण्यात दोर खोलीच्या तिप्पट धरला तर प्रत्येक बाजूला ५०-६० मीटर जातो, म्हणजे वर दोन-चार गोल दिसतात पण खाली अख्खं मैदान अडतं. नकाशावर काढायचं ते हे मैदान.

मग खोडाखोड. बंदरात शिरायचे जलमार्ग, मुंबई हायकडून उरणला येणाऱ्या पाइपलाइनी, वर्सोव्याला किनाऱ्याला लागणाऱ्या केबल्स, नौदलाची क्षेत्रं, मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७ पासून आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर), प्रवाळ आणि खडपं. खाडीच्या तोंडाजवळचं पाणीपण नको, पावसात गोडं पाणी आणि गाळ दोन्ही येतं, आणि वर एमआयडीसी असेल तर विचारायलाच नको. पालघर-मुंबईकडे भरती-ओहोटीची ओढ जोरदार आणि पाणी गढूळ, त्यामुळे हे सगळं मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्ग डोक्यात ठेवून लिहितोय.

आता खरी मेख. एवढं खोडल्यावर स्क्रीनवर भरपूर रिकामा समुद्र दिसतो आणि माणूस खूश होतो. तो रिकामा नसतो! जहाजांचा एआयएस डेटा (मोठी जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात त्याच्या नोंदी) टाकला तरी छोट्या होड्या त्यात दिसत नाहीत, कुठे डोली (एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) लागतात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठवर ओढतात, बांगडा-तारली कुठल्या महिन्यात कुठून फिरते, हे कुठल्याच फाइलमध्ये नाही, ते तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांच्या, डोक्यात आहे. अमेरिकेत नोआ या समुद्र आणि हवामानाच्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये मेक्सिकोचं आखात आणि दक्षिण कॅलिफोर्निया निवडून अशाच जागा शोधायला घेतल्या, २०० च्या वर डेटाचे थर एकावर एक टाकले, आणि आखातात कोळंबीच्या बोटी कुठे फिरतात त्याच्या नोंदीपण त्यात घेतल्या. आपल्याकडे लहान होड्यांच्या अशा नोंदी नाहीत, तर आपण त्या बनवायच्या. कोरा चार्ट मोठा प्रिंट करून गावात न्यायचा, गाबित वस्ती असो, दालदी असो की कोळीवाडा, आणि रेघा त्यांनाच मारू द्यायच्या, महिन्यानुसार वेगळ्या रंगात. आपली जागा आधी ठरवून मग 'चर्चा' करायला गेलात तर ती चर्चा होत नाही, भांडण होतं, आणि पर्ससीन (अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून आधीच तापलेल्या किनाऱ्यावर ते परवडणारं नाही. शिवाय पिंजऱ्याचं जाळं कापलं जाणार की राखलं जाणार हे पण शेवटी तिथेच ठरतं.

यानंतर पावसाळा. जून ते ऑगस्ट आपल्या उघड्या समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या, आणि साधे पिंजरे त्यासाठी बनलेले नसतात. म्हणून पीक ऑक्टोबर ते मे असंच बसवायचं. कोबिया म्हणजे मोदुसा हा मासा सात-आठ महिन्यांत दोन-तीन किलोवर जातो, त्यामुळे हिशोब जुळतो, पण पावसात पिंजरे ठेवायला आडोशाची खाडी किंवा बंदर जवळ आहे का हेही जागेच्याच गुणांत धरा. आणि मे महिना बिनधोक समजू नका, २०२१ चं तौक्ते वादळ मे मध्येच आलं होतं, २००९ चं फयान तर नोव्हेंबरात. रोजच्या लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र माहिती केंद्राच्या साइटवर फुकट मिळतो.

पाणी मोजताना लोक जानेवारीत एकदा जाऊन येतात, सगळं छान येतं. मोजायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरला, कारण पावसाच्या शेवटाकडे पश्चिम किनाऱ्यावर खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं. पिंजऱ्याच्या तळाच्या खोलीला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन येत नसेल तर मासळीचं बीज (पिल्लं) टाकायची तारीख पुढे ढकला, नाहीतर जागा बदला. प्रवाह उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्हीला बघायचा, फार कमी असला तर घाण साचते, सेकंदाला मीटरच्या वर गेला तर जाळं तिरकं होऊन आतली जागाच कमी होते.

जेट्टीपासून अंतर किती, हे शेवटचं. खाद्य रोज न्यायचं आहे, आणि कच्ची मासळी घातली तर किलोभर मोदुशाला पाच-सहा किलो लागते, म्हणजे दोन टन पिकासाठी दहा-बारा टन ओढायची. डिझेलचा हिशोब तिथेच मांडा. चोरीचं भय असतंच, रात्री दिवा दिसेल इतक्या अंतरात असलेलं बरं.

परवानगीसाठी १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, त्यापुढे केंद्र. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पिंजरा शेती कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर कायद्यातही आलीय, ते आधी वाचून घ्या. सागरी मंडळ आणि कोस्ट गार्डला विचारायला जाताना एकच जागा नेऊ नका, तीन न्या, एक नाकारली तरी वर्ष वाया जात नाही. गावाने रेघा मारलेला तो चार्टपण बरोबर जोडा.