बाळाचा ईईजी काढायला येताना

मी सोलापुरात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, काढते. अक्कलकोट, बार्शीकडूनही बाळं येतात आणि बहुतेकांची टाळू तेलाने भरलेली! आज्जींना वाईट वाटेल, पण आदल्या दिवशी तेल बंद. मेंदूची वीज डोक्याच्या कातडीपर्यंत पोचते ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतकी. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड (ही वीज टिपायला डोक्याला लावतो ती तारेची चकती) नीट धरत नाही. रात्री बेबी शाम्पूने डोकं धुवा, कोरडं करा. जावळ काढायची गरज नाही.

"शॉक देणार का ओ?" हे रोज विचारतात. नाही. यंत्र फक्त नोंदवतं.

तान्ह्या बाळाची दुधाची वेळ आणि तपासणीची वेळ जुळवा. इलेक्ट्रोड लावून झाले की पाजायचं, म्हणजे ते आपसूक झोपतं. झोपेचं औषध मनाने देऊ नका आणि फिट्सचं औषध मनाने बंद करू नका. बाळाला थोपटलं की त्या ठेक्याच्या लाटा रेकॉर्डिंगमध्ये उतरतात. थोपटायचंच असेल तर मला सांगून थोपटा, मी तिथे तशी नोंद करते. उन्हाळ्यात जाड चादरीत गुंडाळून आणू नका. घामाने रेषा सावकाश वरखाली डुलत राहते.

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड मात्र हवंच, कारण बाळ गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात झालं ते कळावं लागतं. "सातव्या महिन्यात झालं" एवढ्यावर भागत नाही. गरोदरपणाच्या 32 आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज चार आठवड्यांचं असेल, तर त्याचा ईईजी 36 आठवड्यांचा म्हणून वाचतात. 28-29 आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूत लाटांची एक उसळी येते, मग कित्येक सेकंद रेषा जवळजवळ सपाट. त्या वयात हे ठीकच. पूर्ण दिवसांच्या जाग्या बाळात तेच दिसलं, तर डॉक्टर लगेच सावध होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत डेल्टा ब्रशही दिसतात: एक संथ लाट आणि तिच्यावर बारीक, जलद लाटांची झालर. एवढ्याशा बाळाचा हात हलला की विरुद्ध बाजूच्या मेंदूत ही झालर उमटू शकते. मला पडद्यावर हे बघायला फार आवडतं. पूर्ण दिवस भरत येतात तसे हे ब्रश विरळ होत जातात. म्हणून आठवडे चुकीचे सांगितले, तर चांगला ईईजी बिघडलेला वाटू शकतो, आणि उलटही.

कार्ड हरवलं असेल तर गरोदरपणातल्या पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणा, त्यावरून आठवडे काढता येतात. घरी झटके येताना मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा.