द्रव्य-प्रतिद्रव्यावर काम करायचंय? आधी मोजायला शिका

पीएचडीचं पहिलं वर्ष माझं निव्वळ के-प्लस आणि के-मायनस, म्हणजे केऑन नावाचा कण आणि त्याचा उलट विद्युतभाराचा प्रतिकण, मोजण्यात गेलं. प्रश्न मात्र प्रचंड होता. महास्फोटानंतर साधारण शंभर कोटी प्रतिकणांमागे एखादाच कण जादा होता. बाकीचे एकमेकांना भिडून प्रकाशात विरले, आणि त्या जादा कणांतून तारे, माती, आपण झालो. तो जादा कण आला कुठून?

सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये त्यासाठी तीन अटी मांडल्या. त्यातल्या एकीनुसार निसर्गानेच कण आणि प्रतिकण यांच्यात भेद केला पाहिजे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्रोनिन आणि फिच यांच्या गटाला १९६४ मध्येच केऑनच्या विघटनात असा भेद दिसला होता, हजारात जेमतेम दोन वेळा. पुढे २००१ मध्ये तो बी-मेसॉन या आणखी जड कणातही मिळाला. पण मिळालेला सगळा भेद जमेस धरूनही आजचं द्रव्य उरत नाही. म्हणून शोध चालू आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार. माझ्या आलेखात के-प्लस जास्त निघाले, अगदी ठळक. रात्रभर झोप नाही. सकाळी गाइडनी एवढंच विचारलं, "तुझं डिटेक्टर कशाचं बनलंय?" द्रव्याचंच! के-मायनस त्यातल्या अणुकेंद्रकांवर आदळून जास्त प्रमाणात नाहीसा होतो, के-प्लस त्यामानाने सुखरूप पार होतो. ज्या असमतोलाचं कारण शोधतोय, तोच आमच्या उपकरणात बसलेला. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

मग डी-मेसॉन या दुसऱ्या एका कणाच्या ज्या विघटनांत खरा भेद जवळपास नसतो, त्यांवरून उपकरणाचा कल मोजला आणि वजा केला. यात चार महिने गेले.

म्हणून बीएस्सी-एमएस्सीत संख्याशास्त्र मन लावून करा, पायथन आणि सी-प्लस-प्लस हाताखालून जाऊ द्या. जेस्ट, गेट, टीआयएफआरची (मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रवेश परीक्षा, पीएचडीच्या वाटेवरच्या या सगळ्या परीक्षा द्या. जपानमधल्या त्सुकुबाच्या बेल-टू या बी-मेसॉन अभ्यासणाऱ्या प्रयोगात सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर टीआयएफआरच्या गटाने बांधलाय, म्हणजे हे काम कुलाब्यातूनही होतं. आणि पद्धत पक्की होईपर्यंत खरा आकडा झाकून ठेवायची आमच्याकडची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

माझा कण-प्रतिकण भेदाचा झाकलेला आकडा उघडला तेव्हा तो त्रुटीच्या मर्यादेत शून्य निघाला. गाइडनी पेढे मागवले.